परातीतील अंधारप्रेमी

नागपूरचा अजब बंगला यवतमाळच्या अनेक पिढ्यांनी पाहिला आहे. १८६३ साली स्थापन झालेल्या त्या संग्रहालयातील प्राणी काचेआड निश्चल उभे असतात. ते पाहून जिज्ञासा जागते, जबाबदारी मात्र जागत नाही. परदेशांतील काही संग्रहालयांत कीटकांचे दालन याहून निराळे असते. तेथे काचेच्या पेटीत जिवंत भुंगेरे वावरताना दिसतात. अशा दालनांत हमखास स्थान मिळवणारे एक कुल म्हणजे टेनेब्रिओनिडी. या नावाच्या मुळाशी अंधार शोधणारा अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

या कुलाची सहनशक्ती थक्क करणारी आहे. नामिब वाळवंटातील एक भुंगेरा धुक्याच्या पहाटे वाळूच्या टेकडीवर डोके खाली व पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर साचलेले धुक्याचे पाणी ओघळून त्याच्या मुखाशी येते. अमेरिकेच्या वाळवंटातील निळसर भुंगेरा धोका जाणवताच पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो. जीविताची इच्छा एवढ्याशा देहातही किती प्रबळ असते, याचा हा प्रत्यय होय.

मात्र हे कुल पाहण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद वा वणी येथील कोणत्याही किराणा दुकानात, रव्याच्या, मैद्याच्या किंवा बेसनाच्या पोत्यात जो तांबूस, तीन-चार मिलिमीटर लांबीचा किडा सापडतो, तो याच कुलातला. घरोघरी त्याला ‘पोरकिडा’ म्हणून झटकून टाकले जाते. विज्ञानाने मात्र त्याला मोठा मान दिला आहे. २००८ साली ज्याचा संपूर्ण जनुकसंच प्रथम प्रसिद्ध झाला, तो भुंगेरा हाच.

त्याला पाहण्यासाठी बरणीत कोंडण्याचीही आवश्यकता नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ म्हणजे जिवाला डांबून ठेवणे हा दोष सांगितलेलाच आहे. पीठ चाळून परातीत घेतले की संग्रहालय आपोआप उभे राहते. उजेड पडताच भुंगेरा पिठाच्या आडोशाला धावतो. परातीच्या गुळगुळीत कडेवर त्याचे पाय टिकत नाहीत. तो चढतो, घसरतो, पुन्हा चढू पाहतो. हलकासा धक्का लागला तर तोही क्षणभर निपचित पडतो. उतावळा हात त्याला मेलेला समजून केरात टाकतो. थांबून पाहणाऱ्याला तो पुन्हा चालू लागलेला दिसतो.

या निरीक्षणातून व्यापाऱ्याला उपयोगी असा एक बोध मिळतो. हा भुंगेरा अखंड, निरोगी दाणा सहसा फोडू शकत नाही. सोंडकिड्याने पोखरलेला दाणा, कणी, भुसा आणि पीठ हेच त्याचे अन्न. म्हणजे धान्य स्वच्छ, पूर्ण वाळलेले आणि तुटक्या दाण्यांपासून मुक्त असेल, तर त्याची वस्ती होण्यास वावच राहत नाही. पोत्याच्या शिवणी, मापाच्या तळाशी चिकटलेले पीठ, गिरणीच्या कोपऱ्यातील भुसा ही त्याची खरी माहेरघरे. ती वेळीच झाडली तर पुढची हिंसा टळते.

त्याच्या वाढीची गतीही लक्षात घेण्याजोगी आहे. मादी शेकडो अंडी घालते. अंड्यांना पीठ चिकटते, त्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाहीत. उबेत ती तीन ते पाच दिवसांत फुटू शकतात. थंडीत ही वाढ मंदावते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा वर्षाऋतूत ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि हिवाळ्यात ७ दिवस मानली जाते. या मर्यादेमागील शास्त्राज्ञा स्वतंत्र आहे, तिला विज्ञानाच्या दाखल्याची गरज नाही. तरीही आजीचा हा नियम आणि अदृश्य अंड्याची चाल यांचा मेळ पाहून नव्या पिढीची श्रद्धा डोळस झाल्यावाचून राहत नाही.

मर्यादा पाळली नाही, की विषाची आठवण होते. धान्यात ठेवण्याच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसालाही प्राणघातक आहे आणि त्यावर उतारा नाही. घरात त्या वापरणे म्हणजे निजलेल्या कुटुंबाच्या उशाशी मृत्यू ठेवणे होय. शिवाय अनेक ठिकाणचे भुंगेरे त्या वायूला दाद देईनासे झाले आहेत. २०१७ साली कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यातील अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. विष केवळ किडीपुरते थांबत नाही, हे यवतमाळला कोणी निराळे सांगावयास नको.

म्हणून चातुर्मासापूर्वी, उन्हाळ्यातच ही जयणा सुरू व्हावी. प्रथम धान्य चाळावे; निघालेले जीव कणीसह सावलीच्या, कोरड्या, पायाखाली न येणाऱ्या जागी अलगद सोडावेत; त्यानंतरच धान्य उन्हात घालावे. हा क्रम उलटला तर वाळवणच वधस्थान ठरते. डबे पुसून, वाळवून घट्ट झाकावेत आणि पीठ लागेल तेवढेच दळून आणावे.

संपूर्ण अहिंसा गृहस्थाला साधत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. परंतु परातीच्या कडेवरून घसरणारा तो इवलासा जीव एकदा नीट पाहिला, की पुढच्या वेळी चाळणी धरणारा हात थोडा सावकाश हलतो. जयणेचा आरंभ तेथेच होतो.