काळजी म्हणजे अविश्वास नव्हे

आमच्या चर्चच्या महिला मंडळात बायका हळूच सांगतात, 'ताई, छातीत धडधडतं, झोप लागत नाही.' घरी उत्तर ठरलेलं: विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढव. मग दुखण्यापेक्षा अपराधीपणाच जड होतो. पण जीव नकोसा झालेला एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, रागावला नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला होताच ना! तापाला गोळी चालते, मग मनाच्या दुखण्याला डॉक्टर का नको? सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. मैत्रिणींनो, प्रार्थना तर कराच, पण फोनही करा.