'नेक्स्ट मंडे' म्हणजे नेमका कोणता?

बुऱ्हाणपुरात मराठी, हिंदी आणि उर्दू शेजारी-शेजारी नांदतात. शिकवणीच्या जाहिरातीत तरीही इंग्रजी डोकावतेच: 'न्यू बॅच स्टार्ट्स फ्रॉम नेक्स्ट मंडे'. इंग्रजीचे शिक्षक यातल्या 'फ्रॉम'वर लाल शाई ओढतील. त्यांचे बरोबरच आहे. सुरुवात एकाच दिवशी होते, म्हणून प्रमाण इंग्रजीत तिथे 'ऑन' येते. आपण हिंदीतला 'से' आणि मराठीतला 'पासून' तसाच उचलला. पण या चुकीने कुणाचा तास बुडत नाही. तास बुडवतो तो व्याकरणात निर्दोष असलेला 'नेक्स्ट'. गुरुवारी लिहिलेला 'नेक्स्ट मंडे' चार दिवसांवरचा की अकरा दिवसांवरचा, यावर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचेही एकमत नाही. आपला 'पुढचा सोमवार' तितकाच निसरडा. 'येत्या सोमवारी' म्हटले तर निदान लिहिल्या दिवशी तरी शंका उरत नाही.

संदर्भावरून कळतेच की, असे कुणी म्हणेल. बोलताना कळते, कारण ऐकणारा लगेच उलट विचारू शकतो. हिंदीतला 'कल' आणि मराठीतला 'परवा' मागे-पुढे दोन्हीकडे चालतात, तरी क्रियापद आणि प्रसंग त्यांना सावरून घेतात. भिंतीवरच्या कागदाला ती सोय नाही. तीच नोटीस व्हॉट्सअॅपवर फिरत रविवारी पालकांपर्यंत पोचली, तर 'येत्या'चाही भरवसा राहत नाही.

मग नुसती तारीख द्यावी का? अनेकांचा आठवडा वारावर चालतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच वार आणि तारीख दोन्ही हवेत. एकात चूक झाली तर दुसरे ती उघडी पाडते. याच शहरातल्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाचा संस्कृत शिलालेख आहे. त्यात संवत १६४६, शके १५११, महिना, तिथी आणि वारही कोरला आहे. त्यामुळे आज चारशेहून अधिक वर्षांनी तो दिवस पडताळून पाहता येतो. आठवडाभर टिकणाऱ्या नोटिशीला एवढा तपशील नको. 'सोमवार, ६ जुलै २०२६, सकाळी ८' इतके पुरे. इंग्रजीत लिहायचे तर 'ऑन' जरूर लिहावे, पण आधी 'नेक्स्ट' खोडावा.