एआय सेकंदात चित्र काढतं, मग पर्स्पेक्टिव्ह कशाला शिकायचं?

मार्च 2025 मध्ये चॅटजीपीटीवरून घिबली स्टाईलचे फोटो बनायला लागले आणि ज्याचा त्याचा डीपी बदलला. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो: एआय सेकंदात चित्र देतं, मग पर्स्पेक्टिव्ह शिकत कोण बसणार? मला याचं उत्तर मालगुंडला मिळालं.

गणपतीपुळ्याजवळच्या या गावात कवी केशवसुतांचं कौलारू घर स्मारक म्हणून जपलंय. समोर बसून मी ते मोबाईलवर काढायला घेतलं. अ‍ॅपमधला पर्स्पेक्टिव्ह रुलर ऑन केला, दोन व्हॅनिशिंग पॉईंट ठेवले. रेषा एकदम पक्क्या आल्या. तरी चित्र बघून वाटलं, हे घर मी माडावर चढून पाहिलंय!

चूक रुलरची नव्हती. तो रेषा बिंदूकडे नेतो, पण क्षितिजरेषा कुठे ठेवायची ते आपणच ठरवायचं असतं. मी ती छपराच्याही वर ठेवली होती. क्षितिजरेषा म्हणजे आपल्या डोळ्यांची उंची. पटत नाही? समुद्रावर जा. उभे राहून क्षितिज बघा, मग वाळूत बसा. तेही तुमच्याबरोबर खाली येतं.

आता घर परत काढू.

1. वेगळ्या लेयरवर आधी डोळ्यांच्या उंचीची आडवी रेषा मारा. समोर उभे असाल तर ती साधारण दाराच्या वरच्या भागातून जाईल.

2. घराच्या लांब बाजूच्या रेषा बघा. आढं आणि वळचण डोळ्यांच्या वर आहेत, म्हणून लांब जाताना त्या खाली उतरतात. जोतं खाली आहे, म्हणून त्याची रेषा वर चढते. तिन्ही एकाच बिंदूत मिळतात.

3. दोन बिंदू फार जवळ ठेवू नका, घराचा कोपरा टोकदार होतो. बिंदू कागदाबाहेर गेला तरी चालतं. कॅनव्हास मोठा घ्या.

आयपॅडवर प्रोक्रिएटचं ड्रॉइंग गाइड आहे. कॉम्प्युटरवर क्रिटा फुकट आहे, त्यात असिस्टंट टूल मिळतं. साध्या फोनवर लेयर आणि सरळ रेषेचं टूल पुरेसं आहे.

आता मूळ प्रश्न. 2023 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की एआयच्या चित्रांत सावल्या आणि व्हॅनिशिंग पॉईंटचं गणित चुकतं आणि निव्वळ या भूमितीवरूनही खरं-खोटं ओळखता येतं. म्हणजे घर काढताना जे शिकलो, तेच व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोला लावता येतं. पूल कोसळल्याचा फोटो आला? ड्रॉइंग अ‍ॅपमध्ये उघडा, वर नवीन लेयर घ्या, कठडा आणि रस्त्याची कड पुढे वाढवा. पूल सरळ असेल तर जे भाग शाबूत दिसतायत, त्यांच्या रेषा एका बिंदूत मिळायला हव्यात.

नाही मिळाल्या तर लगेच निकाल देऊ नका. 0.5 एक्स लेन्समुळे खऱ्या फोटोतही कडेच्या रेषा वाकू शकतात. उलट, रेषा जुळल्या म्हणून फोटो खरा असंही नाही, मॉडेल सुधारतायत. पण शंका आली की फॉरवर्ड करणारं बोट थांबतं, बातमी आधी तपासली जाते.

चित्र एआयकडून मिळेल हो. ते कुठे फसतंय हे बघणारा डोळा मात्र स्वतः रेषा मारूनच तयार होतो. आज घरासमोरचा रस्ता काढून बघा. सुरुवात डोळ्यांच्या रेषेपासून!