बुद्धी चपळ, स्मरण मंद

दिवाळीच्या सुमारास घरात नवी वस्तू यावी आणि तिच्या पाठोपाठ नवी तक्रार यावी, हा मध्यमवर्गीय संसाराचा जुना शिरस्ता आहे. एके काळी शिवणयंत्र यायचे आणि त्याचा दोरा तुटायचा. रेडिओ यायचा आणि गाण्याआधी खरखर ऐकवायचा. आता संगणक येतो. तोही खोक्यात बसून तयार आलेला नव्हे. घरातल्या चिरंजिवांनी सुटे भाग जमवून, स्क्रू आवळून, स्वतःच्या हाताने उभा केलेला. चार दिवस त्याचे कौतुक होते आणि पाचव्या दिवशी चिरंजीव गंभीर चेहऱ्याने सांगतात, "चालतो आहे, पण मंद चालतो आहे."

न चालणारे यंत्र एक वेळ परवडले. ते निदान दुकानात परत नेता येते. मंद चालणाऱ्याचे दुखणे सांगायचे कोणत्या शब्दांत? ताप नाही, खोकला नाही, नुसते 'अंगात बरे वाटत नाही' म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी त्याची अवस्था. या दुखण्याचे एक फार सामान्य कारण यंत्राच्या स्मृतीत असते आणि ते बहुधा एक पैसाही न खर्चता बरे होते, म्हणून आजचा हा प्रपंच.

आमचे सोनगीर म्हणजे धुळ्याच्या उत्तरेचे, मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. उशाशी किल्ला आणि नावावर तांब्यापितळेची भांडी. इथल्या एका तांबटाच्या मुलाने असा संगणक जुळवला. मुलगा लग्नसमारंभांच्या चित्रफिती कापून-जोडून देण्याचे काम करतो. यंत्रासाठी लागलेले पैसे वडिलांनी लग्नसराईच्या आधी तांब्याचे पत्रे घ्यायला बाजूला ठेवले होते. ते त्यांनी मुलाच्या हातावर ठेवले. म्हणजे एका धंद्याचे भांडवल मोडून दुसऱ्या धंद्याला दिले. यंत्र आले, पण पडद्यावर नवरी हार घालायला हात उचलायची आणि मध्येच थिजून जायची. मुलाच्या मित्राने मोजमापाचा एक प्रोग्रॅम चालवून पाहिला. रॅमच्या डब्यावर लिहिले होते ३२००, आणि प्रोग्रॅम सांगत होता १०६६.

मराठीचा प्राध्यापक म्हटला की गावातले अर्ज, लग्नपत्रिका आणि तक्रारपत्रे त्याच्याकडे आपोआप चालत येतात. वडील माझ्याकडे आले. गाव त्यांना आबा म्हणते.

"सर, लिखा तुम्ही," ते म्हणाले. "पैसा पुरा लिधा, नि माल तीन हिस्सामाईन एकच दिधा."

"आबा, कोणी दिला?"

"दुकानदारनी, आखो कोण?"

आता 'फसवणूक' हा शब्द कागदावर लिहायला एक क्षण लागतो. पण ज्याच्या नावापुढे तो लिहायचा त्याची अब्रू उभी करायला हयात गेलेली असते. शब्द वापरण्याआधी त्याचा अर्थ तपासावा, हा तर आमच्या व्यवसायाचा पहिला नियम. मी म्हटले, "पत्र लिहू. आधी यंत्र बघू."

वाचकहो, यंत्र बघण्याआधी दोन शब्द स्मृतीविषयी. संगणकातला प्रोसेसर ही बुद्धी, आणि रॅम ही हाताशी असलेली स्मृती. फराळाच्या दिवसांत स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. माळ्यावर डबे आहेत, ती डिस्क. ओट्यावर जे मांडून ठेवले आहे, ती रॅम. आणि कढईपाशी उभी असलेली सुगरण हा प्रोसेसर. सुगरणीचा हात कितीही चपळ असो, सोऱ्या हाती देणारी व्यक्ती सावकाश असेल तर तेल नुसते तापत बसते. म्हणून चौकशी करताना पहिला प्रश्न असा विचारावा की ओटा लहान पडतो आहे, की देणारा हात मंद आहे? ही दोन दुखणी निराळी आहेत. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडला की एकूण रॅमपैकी किती वापरात आहे ते दिसते. ती काठोकाठ भरली असेल तर संगणक पुन्हा पुन्हा माळ्यावर चढत असतो. त्याला उपाय म्हणजे आणखी रॅम घेणे, किंवा उगाच उघडलेले दहा कार्यक्रम बंद करणे. आमच्या तांबटाच्या मुलाकडे ८ जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे एकूण १६ जीबी होती आणि निम्मी मोकळी होती. तेव्हा ओटा पुरेसा होता. मंद होता तो देणारा हात.

मग आकड्यांकडे वळलो. या रॅमच्या नावातच तिचे गुपित आहे. 'डीडीआर' याचा अर्थ दुप्पट वेगाने माल देणारी. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला, तो चढताना एकदा आणि उतरताना एकदा, अशी ती दोनदा माहिती देते. मोजमापाचा प्रोग्रॅम नुसते ठोके मोजतो. डब्यावर मात्र दुपटीचा आकडा छापतात. तेव्हा १०६६ म्हणजे प्रत्यक्षात २१३३. नव्या यंत्राचे पुष्कळ मालक या एका आकड्यापायी रात्रीची झोप घालवतात. ३२०० ची रॅम घेतली आणि प्रोग्रॅमने १६०० दाखवले, तर ते अगदी बरोबर आहे. दुकानदाराने अर्धे चोरलेले नाही.

पण २१३३ तरी का? ३२०० का नाही? त्याचे कारण असे. प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप असते आणि तीत त्या पट्टीचे वेग लिहिलेले असतात. एक साधा, सर्वमान्य, कोणत्याही यंत्रात चालेल असा, आणि दुसरा जलद, ज्याची जाहिरात डब्यावर असते. नवा संगणक पहिल्यांदा चालू झाला की तो सावधपणे साधा वेग निवडतो. जलद वेग हवा असेल तर मालकाने बायोसमध्ये जाऊन तसे सांगावे लागते. त्या सोयीला इंटेलने एक्सएमपी असे नाव दिले. एएमडीच्या बोर्डांवर कुठे डीओसीपी, कुठे ए-एक्सएमपी, आणि नव्या डीडीआर५ साठी एक्सपो अशी नावे आढळतात. नावे अनेक, देव एक. ती एक कळ दाबली नाही तर महागडी रॅम जन्मभर स्वस्त रॅमच्या चालीने चालते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

दुसरी गोष्ट पेटी उघडल्यावर दिसली. बोर्डावर रॅमसाठी चार खाचा होत्या. मुलाने दोन्ही पट्ट्या प्रोसेसरच्या अगदी जवळच्या, लागून असलेल्या दोन खाचांत शेजारी-शेजारी बसवल्या होत्या. दिसायला ते नीटनेटके दिसते, पण तिथेच घात होतो. प्रोसेसर आणि रॅम यांच्यात दोन वाटा असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. चार खाचांपैकी पहिल्या दोन एका वाटेवर आणि पुढच्या दोन दुसऱ्या वाटेवर असतात. दोन जावा एकाच दारातून ताटे नेऊ लागल्या आणि शेजारचे दार बंदच राहिले, तसे ते झाले. बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवायच्या असतात. बोर्डासोबत आलेल्या पुस्तिकेत हे चित्र काढून दाखवलेले असते. ती पुस्तिका पिशवीतून बाहेरही आली नव्हती.

आता हिशेब मांडू. एका वाटेने एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट जातात. २१३३ ला ८ ने गुणले की सेकंदाला सुमारे १७ जीबी. तेच ३२०० च्या वेगाने आणि दोन्ही वाटांनी गेले तर ५१.२ जीबी. म्हणजे रुपयाला साधारण सव्वापाच आणेच हाती पडत होते. आबांचा 'तिसरा हिस्सा' शेवटी तंतोतंत खरा निघाला! मात्र उरलेले दोन हिस्से दुकानदाराच्या गल्ल्यात नव्हते. ते आबांच्याच घरात, त्या पेटीत, निवांत झोपले होते.

मुलाने वीज बंद केली, वायर काढली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावला आणि पट्ट्या कडेला धरून योग्य खाचांत बसवल्या. 'टक्' असा आवाज येऊन कडी बसेपर्यंत दाबायचे असते. अर्धवट बसलेली पट्टी हे मंदपणाचेच नव्हे तर संपूर्ण मौनाचेही कारण असते. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केले. पुन्हा सुरू करताना पडदा काही वेळ काळा राहिला. अशा वेळी घाबरून बटण दाबू नये. यंत्र नव्या वेगाशी जुळवून घेत असते, आणि डीडीआर५ च्या नव्या यंत्रांत तर या जुळवाजुळवीला कधी कधी काही मिनिटेही लागतात. पडदा उजळला. प्रोग्रॅममध्ये १६०० आणि दोन चॅनेल दिसले. नवरीचा हात न अडखळता नवऱ्याच्या गळ्यापर्यंत पोचला.

अतिशयोक्ती करू नये म्हणून सांगतो. वेग कागदावर तिप्पट झाला म्हणजे सगळे काम तिप्पट वेगाने होत नाही. चित्रफीत पूर्ण तयार व्हायचा वेळ थोडाच घटला, कारण ते कष्ट मुख्यतः बुद्धीचे. पडद्यावरचे अडखळणे मात्र थांबले. त्याचेही कारण आहे. पैसे वाचवण्यासाठी मुलाने निराळे ग्राफिक्स कार्ड घेतले नव्हते. चित्रे रंगवण्याचे काम प्रोसेसरच करतो आणि त्यासाठी याच रॅममधून उसनवारी करतो. अशा काटकसरीच्या यंत्रांना दोन वाटांचा फायदा सर्वांत जास्त होतो.

आबा हा सगळा वेळ बाजूला बसून ऐकत होते. त्यांच्या धंद्यातही तक्रारी येतात. भांडे काळवंडले की गिऱ्हाईक म्हणते, तांबे खोटे दिले. प्रत्यक्षात तांबे हवेने आणि ओलाव्याने काळवंडतेच, आणि चिंचेने घासले की पुन्हा उजळते. ठोकून ठोकून तांबे कडक होते, पुढे ठोकले तर चिरते. म्हणून तांबट ते मध्येच तापवून मऊ करतो आणि मग पुन्हा हातोडी उचलतो. धीर नसलेला कारागीर पत्रा फाडतो आणि पत्र्यालाच दोष देतो. आबा एवढेच म्हणाले, "सर, पत्र राहू द्या." आणि मुलाला म्हणाले, "ती पुस्तिका वाच आधी."

पण वाचकहो, दुकानदार नेहमीच निर्दोष असतो असे मला सांगायचे नाही. पट्टी खरोखर सदोष असू शकते. जलद वेग दिल्यावर यंत्र मध्येच बंद पडू लागले, तर मेमटेस्ट८६ सारखा तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा आणि मग एकेक पट्टी निराळी काढून तपासावी. साध्या वेगातही चुका निघाल्या तर पट्टी बिलासह परत करावी. पुष्कळ पट्ट्यांवर लांब मुदतीची हमी असते, आणि दाद मिळालीच नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाचे दार उघडे ठेवले आहे. एक चॅनेल काही केल्या दिसतच नसेल तर प्रोसेसरची वा त्याच्या बैठकीची पिन वाकली आहे का, किंवा वरचा पंखा एका बाजूने जास्त आवळला आहे का, ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. यंत्र सुरूच होईना, तर बायोसची मांडणी पुसून मूळ पदावर आणता येते. त्याची रीत पुस्तिकेत असते. पट्ट्या एकाच खोक्यातल्या जोडीने घ्याव्यात. आज एक आणि पुढच्या दिवाळीला निराळी एक, अशी सोयरीक पुष्कळदा जमत नाही आणि जमली तरी दोघी मंद असेल तिच्या चालीने चालतात. चारही खाचा भरल्या तर वेग उतरण्याचा संभव असतो, विशेषतः डीडीआर५ मध्ये. आणि काही स्वस्त बोर्ड एक्सएमपीचा वेग देतच नाहीत, हे खरेदीआधी विचारावे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक पूर्ण आकाराचा संगणक काम करू लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याची स्मृती तारांत ओवलेल्या लोहचुंबकी कड्यांची होती आणि तीत ४० बिटांचे २,०४८ 'शब्द' मावत, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट. शब्दांच्या संख्येत बोलायचे तर एखाद्या दिवाळी अंकातल्या लेखाएवढे! आबांच्या घरातल्या दोन पट्ट्या त्याच्या पावणेसतरा लाख पटींहून जास्त मोठ्या आहेत. पण त्या कड्यांचा एक गुण या पट्ट्यांत नाही. वीज गेली तरी कडी विसरत नसे. आजच्या रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक थेंब, आणि तो सतत गळत असतो. ही युक्ती रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली. गळती भरून काढण्यासाठी सगळी पाठ साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, पुन्हा म्हणावी लागते. घोकंपट्टीला नावे ठेवणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. सगळे आधुनिक जग घोकंपट्टीवरच चालले आहे.

तेव्हा या दिवाळीत घरी असे यंत्र आले, तर चार गोष्टी क्रमाने पाहा: रॅम किती भरली आहे, पट्ट्या कोणत्या खाचांत आहेत, वेगाची कळ चालू आहे का, आणि रात्रभराच्या तपासणीत पट्टी टिकते का. या चारही झाल्यावर मन साशंकच राहिले तर दुकानदाराला अवश्य पत्र लिहा. तोपर्यंत बिल जपून ठेवा, आणि पुस्तिका बिलाच्या वर ठेवा.