काखेत कळसा, रोमला वळसा

मैत्रिणींनो, "पिकतं तिथं विकत नाही" ही म्हण बाजारात खरी असो नसो, घरात मात्र हटकून खरी ठरते. बाहेरच्याचं कौतुक करताना आपण थकत नाही, आणि घरच्या माणसानं काही करू म्हटलं की "तुला जमायचं नाही" हे शब्द तोंडात तयारच असतात. आज मला याच गोष्टीवर बोलायचं आहे. पण त्यासाठी तुम्हाला आधी गोव्याला नेते, तेही चारशे वर्षं मागं.

गोव्याची सहल केली असेल तर जुन्या गोव्यातली मोठमोठी चर्चेस तुम्ही पाहिलीच असतील. त्यांच्या समोरच मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. फेरीबोटीत बसलं की थोड्या वेळात पलीकडे. या बेटावरच्या नावेली गावात मातेउश द कास्त्रो महाले नावाचा मुलगा वाढला. घराणं ब्राह्मणाचं, पण ख्रिस्ती झालेलं. त्या काळी गोव्यात माणसांचा धर्म बदलला, जात मात्र घरातच राहिली. मातेउश हुशार होता आणि त्याला पाद्री व्हायचं होतं.

आता पाद्री होणं म्हणजे नुसतं शिकणं नव्हे, बरं का. अभ्यास कितीही झाला तरी बिशपनं डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिल्याशिवाय कोणी फादर होत नाही. तो हात मागूनच मिळवावा लागतो. आणि गोव्याचे त्या वेळचे आर्चबिशप क्रिस्तोव्हाव द सा हे पोर्तुगीज होते. ब्राह्मण ख्रिस्ती तरुणांना दीक्षा द्यायला ते राजी नव्हते. म्हणजे ज्या कॅथेड्रलची घंटा बेटावर ऐकू यावी, त्याचं दार या मुलाला बंद!

याच गोव्यात काही वर्षांपूर्वी काय घडलं होतं पाहा. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण लिस्बनहून जहाजात बसला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरला. त्याच्या देशात कॅथलिक पाद्री होणं जिवावरचं काम होतं. त्याला दीक्षा मिळाली ती परक्या देशात, आपल्या गोव्यात. त्यानं या उपकाराची फेडही सुरेख केली. इथली भाषा शिकला आणि मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये छापून निघालं. परक्याला उंबरठा ओलांडू दिला, तर तो घरचा झाला. मग घरच्या मुलानं काय घोडं मारलं होतं?

मातेउश रडत बसला नाही. इराणच्या बाजूची खुष्कीची वाट धरून तो निघाला आणि १६२५ मध्ये रोमला पोहोचला. ना आगगाडी, ना फोन, ना ओळखीचं माणूस. त्या आईला पोराची खुशाली किती महिन्यांनी कळली असेल, कोण जाणे!

रोममध्ये मात्र वारं वेगळं होतं. जगभरच्या धर्मकार्यावर देखरेख करण्यासाठी पोपनी १६२२ मध्ये 'प्रोपागांदा फिदे' नावाची संस्था काढली होती. तिचे चिटणीस फ्रान्चेस्को इंगोली यांचं मत असं, की ज्या देशात चर्च आहे त्या देशाची माणसंच पाद्री व्हायला हवीत. तिथं मातेउशला शिकायला मिळालं आणि १६३०-३१ च्या सुमारास दीक्षाही मिळाली. नदीपलीकडे मिळायची गोष्ट अर्धं जग ओलांडून मिळाली! आपण म्हणतो, काखेत कळसा नि गावाला वळसा. या बिचाऱ्याला कळसा दिसत होता हो, पण कोणी हात लावू देत नव्हतं.

गोष्ट इथं संपली असती तर गोड झाली असती. पण फादर होऊन ते गोव्याला परतले, तर इथल्या वरिष्ठांनी रोमचे कागद मानायलाच नकार दिला. पुन्हा रोम. १६३७ मध्ये त्यांना बिशप केलं गेलं. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. आदिलशाही मुलखाचं काम त्यांच्याकडे आलं. पोर्तुगीज हद्दीबाहेर, डिचोली, बांदा, वेंगुर्ला या भागात त्यांनी चर्चेस उभारली. तरी गोव्याशी भांडण मिटलं नाही. त्यांनी ज्यांना दीक्षा दिली त्यांनाही गोव्यात अडवलं गेलं. स्वभाव दिवसेंदिवस कडवट होत गेला, तक्रारी आणि कज्जे यांतच बरंच आयुष्य सरलं. १६७७ मध्ये ते वारले, तेही रोममध्येच.

मला त्यांच्या बिशप होण्यापेक्षा हा कडवटपणा जास्त विचार करायला लावतो. आपण म्हणतो, "ज्याच्यात दम असेल तो निघेलच वर." निघतो खरा. पण आपल्या माणसांनी नाही म्हटल्याचा सल काही जात नाही. तो मोठा होऊन परत येतो तेव्हा आपला राहिलेला असेलच असं नाही.

आता आपल्या सिंदीत या. बारावीच्या मुलींची मी शिकवणी घेते. त्यातल्या एकीला नर्सिंगला जायचं आहे. मुलगी शांत, हाताला स्वच्छ, रक्त बघून घाबरणारी नाही. तिची आई मला म्हणाली, "मॅडम, पोरीच्या जातीले कायले बाहेर पाठवा? लोकं काय म्हणतील?" आणि गंमत अशी, की याच घरात थोरल्या मुलासाठी सून शोधताहेत ती नोकरीवालीच हवी. "नर्स असली तं उत्तमच," हेही त्याच माउलीचे शब्द. दुसऱ्याच्या घरची मुलगी नर्स होऊन आली तर कौतुक, आपली व्हायची म्हटली तर लोकं काय म्हणतील! बरं, लांब तरी कुठं जायचंय? सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाचं नर्सिंगचं कॉलेज आहे, आपल्या स्टेशनवरून गाडीत बसायचा अवकाश.

मी त्या आईला वाईट म्हणत नाही. भीती खरी असते. पण भीतीवर उपाय असतात. मुलीबरोबर एक दिवस जाऊन कॉलेज आणि वसतिगृह डोळ्यांनी पाहून या. मुलींना घराबाहेर किती वाजेपर्यंत राहू देतात, जेवण कसं, आजारी पडलं तर कोण बघतं, हे तिथल्या बाईंना सरळ विचारा. गावातली एखादी शिकून आलेली मुलगी असेल तर तिच्या आईशी बोला. मग काय ठरवायचं ते ठरवा, पण मुलीला समोर बसवून ठरवा.

आणि हे आत्ताच करा. अर्ज भरायला मोजके दिवस मिळतात. जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यासाठी तहसीलच्या चकरा होतात, त्यातच तारीख निघून जाते. कागद आधीपासून एका पिशवीत घालून ठेवा. पिशवी मुलीच्याच हातात द्या.