“तो आपखुषीनें आला”

पळवून नेणें हा शब्द ऐकतांच आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें खांद्यावर झोळी टाकलेला कोणी परका मनुष्य उभा राहतो. लहानपणीं दाखविलेला हा बागुलबुवा मोठेपणींहि मनांतून जात नाहीं. आणि म्हणूनच, हा गुन्हा भल्या घरच्या, शिकलेल्या मुलाच्या हातून घडूं शकेल, ही कल्पनाहि कोणास शिवत नाहीं.

समजा, वरच्या वर्गांतील एका सतरा वर्षांच्या मुलाचें वडिलांशीं पटत नाहीं. त्याच्या सोबत्यास नुकतींच अठरा पुरीं झालीं आहेत. सोबती म्हणतो, “चल मुंबईस, माझ्या ओळखीनें काम मिळेल, घरीं मात्र सांगूं नकोस.” तिकिटाचे पैसेहि तोच देतो. पुढें पोलीस दारांत येतात, तेव्हां तो निर्धास्तपणें सांगतो, “मीं त्यास ओढून नेलें नाहीं, तो आपखुषीनें आला.” या उत्तरानें आपण सुटूं असें त्यास वाटतें. वस्तुतः त्याचा त्यास तिळमात्र उपयोग नाहीं.

भारतीय न्याय संहितेच्या 137 व्या कलमाप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलास वा मुलीस कायदेशीर पालकाच्या संमतीवांचून त्याच्या ताब्यांतून नेणें किंवा फूस लावणें, एवढ्यानेंच गुन्हा पुरा होतो. बळजबरी नको, दोरखंड नको, खंडणीहि नको. संमति विचारावयाची ती पालकाची, मुलाची नव्हे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद व दंड. शिवाय पोलिसांस वॉरंटावांचून पकडतां येतें. हेतु अधिक दुष्ट असल्यास शिक्षाहि वाढते. भीक मागावयास लावण्याकरितां मूल पळविणारास निदान दहा वर्षें सक्तमजुरी आहे, आणि जिवाची धमकी देऊन खंडणी मागणारास जन्मठेप किंवा फांशीहि होऊं शकते.

वयाची मर्यादा सदा एकच नव्हती. 1860 च्या दंडसंहितेंत ती मुलास चौदा व मुलीस सोळा वर्षांची होती; 1949 च्या दुरुस्तीनें सोळा व अठरा झाली; 1 जुलै 2024 पासून दोघांसहि अठरा. मिसरूड फुटलेल्या मुलास बालक म्हटलेलें रुचत नाहीं, हें मी जाणतों! तरीहि माझ्या मतें कायदा बरोबर आहे. फूस लावणारा प्रथम मनच जिंकतो. मग त्या जिंकलेल्या मनाची साक्ष ग्राह्य कशी धरावी?

आईबापांनींहि एक निकाल ध्यानांत घ्यावा. 1964 सालीं एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यांत, अठरास थोडेच आठवडे उणी असलेली, महाविद्यालयांत शिकणारी मुलगी स्वतःच्या विचारानें बाहेर पडून एका तरुणास जाऊन मिळाली होती. त्यानें तिला मोह घातल्याचा पुरावा नव्हता. अशा मुलीस केवळ सोबत येऊं देणें म्हणजे ‘नेणें’ नव्हे, असें ठरवून सर्वोच्च न्यायालयानें त्यास सोडून दिलें. आपल्या उदाहरणांतील सोबत्याची गोष्ट निराळी. बेत त्याचा, पैसेहि त्याचे. परंतु लेकीनें मनाविरुद्ध लग्न केलें एवढ्या रागापायीं तिचें वय चोरून फिर्याद ठोकणें, हें मला तरी अशोभनीय वाटतें.

आणि मित्राचे घरीं खरोखरच हाल होत असतील तर? त्यास तिकीट काढून देऊं नये. 1098 या क्रमांकावर रात्रीं-अपरात्रींहि फोन करतां येतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणें असें मूल, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढें हजर करतां येतें. हें काम कोणीहि सद्भावी नागरिक करूं शकतो. मुलास तेथें जाऊन स्वतःचें गाऱ्हाणें स्वतःच सांगण्याचीहि मुभा आहे.