शादलुईला सोडलं, बरंच केलं!

पनवेलकर कबड्डीवेड्यांची एक गंमत आहे. मुंबई इकडे, पुणे एक्स्प्रेस-वेने तिकडे, त्यामुळे एकाच कट्ट्यावर यू मुंबावाले आणि पुणेरी पलटणवाले दोघंही सापडतात. प्रो कबड्डीच्या लिलावाचा विषय निघाला की पलटणवाल्यांना डिवचायला एक प्रश्न पुरतो, ‘शादलुईला सोडलंच कशाला?’

माझं मत विचाराल तर, बरंच केलं.

आधी हिशेब बघू. डिसेंबर २०२२ मध्ये पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. कर्णधार होता फझल अत्राचली, पकडींमधलं केवढं मोठं नाव! पुढच्या हंगामाआधी त्यालाच जाऊ दिलं. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात इराणच्याच मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख लावले. संघ बांधायला हातात ५ कोटी, त्यातले जवळपास निम्मे एकाच माणसावर! हेडलाइन अर्थातच त्याची झाली. खरा धाडसी निर्णय मात्र वेगळाच होता. कर्णधारपद दिलं अस्लम इनामदारला. नगर जिल्ह्यातलं पोरगं, दोनच हंगामांपूर्वी ‘न्यू यंग प्लेयर’ म्हणून घेतलेलं. मोहित गोयतही तसाच आलेला. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून पलटणने पहिल्यांदा करंडक उचलला.

आणि मग शादलुई गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं, आणि त्याच डिसेंबरात हरियाणा चॅम्पियन. तेही कुठे, तर पुण्यात, बालेवाडीत! पलटण पहिल्या सहांतही नव्हती. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांकडे असा किस्सा फार जुना आहे. बोस्टनने हंगाम संपल्यावर बेब रूथला न्यूयॉर्कला विकून टाकलं. १९१८ नंतरचं बोस्टनचं पुढचं विजेतेपद थेट २००४ चं! लोक शापबिप म्हणू लागले.

पण पुण्याला शाप लागला नाही. २०२४ च्या घसरणीला शादलुईइतकंच अस्लमचं दुखणं कारणीभूत होतं, तो बहुतेक हंगाम बाहेरच होता. २०२५ मध्ये तो परतला आणि पलटण पुन्हा अंतिम सामन्यात. दिल्लीकडून ३१-२८ हरली, हे मान्य. (समोर दिल्लीच्या जर्सीत फझल! कबड्डीत माणसं अशी फिरून भेटतात.) पण शादलुईशिवाय चार वर्षांतली तिसरी फायनल गाठली की नाही?

उलट तेलुगू टायटन्स आठवा. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर उधळले. पवन चढायांमध्ये जीव तोडून खेळला, पण २२ सामन्यांत विजय फक्त दोन, आणि तळाचा नंबर. मॅटवर सात जण लागतात राव. पुण्याने शादलुईला घेतलं तेव्हा बाकीचे सहा तयार होते, एवढाच काय तो फरक.

म्हणून पुढच्या लिलावाआधी मी कोटींचे आकडे नंतर बघणार. आधी बघणार कायम ठेवलेल्यांची यादी, आणि त्यात ‘न्यू यंग’मध्ये आपल्या रायगडातलं कुणी आहे का ते.